चार फेऱ्यांचा कागद

स्पर्धा ऑक्टोबरात असते, पण तिच्यातला सगळ्यात मोठा निर्णय कितीतरी महिने आधी होऊन गेलेला असतो. तो पियानोसमोर होत नाही, टेबलाशी बसून अर्ज भरताना होतो. कोणत्या फेरीत काय वाजवणार, रचनेचं नाव, ऑपस क्रमांक, मिनिटं. एकदा तो कागद गेला की पुढचे सगळे महिने स्पर्धक त्या कागदाचा नोकर. हौसेने लिहिलेली एखादी ओळ मार्च महिन्यात फार शूर वाटते आणि सप्टेंबरात तिच्यामुळे झोप उडते.

मी हा खेळ पहिल्यांदा नीट पाहिला तो २०२१ साली, वॉर्सातल्या शोपँ स्पर्धेच्या वेळी. करोनामुळे ती वर्षभर पुढे गेली होती. यूट्यूबवर सगळ्या फेऱ्या थेट दिसत होत्या. वॉर्साचं घड्याळ त्या महिन्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, त्यामुळे त्यांचं सकाळचं सत्र आपल्याकडे दुपारची जेवणं उरकता उरकता सुरू व्हायचं आणि संध्याकाळचं चालायचं ते रात्री उशिरापर्यंत. पहिले दोन दिवस मी नुसती बोटं पाहिली. तिसऱ्या दिवसापासून कोण कशानंतर काय वाजवतंय ते वहीत उतरवायला लागलो, आणि मग स्पर्धा वेगळीच दिसू लागली.

ही स्पर्धा १९२७ साली येझी झुराव्लेव या पोलिश पियानोवादकाच्या खटपटीतून सुरू झाली. युद्धाच्या काळात खंड पडला, एरवी साधारण पाच वर्षांनी भरते. पहिल्या वर्षी सोव्हिएत रशियाचा लेव्ह ओबोरिन जिंकला. त्याच्याबरोबर आलेला एक तरुण अपेंडिक्सच्या कळा सोसत वाजवून मानपत्रावर परत गेला. त्याचं नाव दिमित्री शोस्ताकोविच. इथे फक्त शोपँ वाजवायचा असतो, दुसरं कुणीही नाही. साहजिकच कुणालाही वाटेल की मग निवडायचं ते काय? बाख नाही, बेटहोवन नाही, विसावं शतक नाही. समतोल साधायचा प्रश्नच कुठे येतो?

माझं मत उलटं आहे. अनेक संगीतकार घेतले की समतोलाचा देखावा आपोआप तयार होतो. एक जुना, एक नवा, एक नाजूक, एक दणदणीत, झालं काम. एकाच माणसाचं संगीत दोन-अडीच तास वाजवायचं असेल, तर त्यातला फरक स्पर्धकाला स्वतःला शोधून काढावा लागतो. आणि फरक आहेच. सतराव्या वर्षी मोझार्टच्या ऑपेरातल्या धुनेवर खुशीत बदल करत सुटलेला शोपँ आणि १८४६ साली, मृत्यूच्या तीन वर्षं आधी, ‘पोलोनेझ-फँटसी’ लिहिणारा शोपँ यांची गाठ पडली असती तर दोघांनी एकमेकांना ओळखलं असतं की नाही, शंका आहे.

२०२१ चे नियम असे होते. पहिल्या फेरीत दोन वेगळ्या याद्यांमधून एकेक एट्यूड, एक नॉक्टर्न किंवा संथ एट्यूड, आणि बॅलड, स्केर्झो, बार्कारोल, फँटसी यांपैकी एक मोठी रचना. दुसरी फेरी तीस ते चाळीस मिनिटांची: पुन्हा एक मोठी रचना, एक वॉल्ट्झ, एक पोलोनेझ. तिसरी पंचेचाळीस ते पंचावन्न मिनिटांची: माझुर्कांचा एक अख्खा संच, आणि दोनपैकी एक सोनाटा किंवा चोवीस प्रेल्यूड. शेवटी ऑर्केस्ट्राबरोबर कन्चेर्टो. एका फेरीत वाजवलेलं दुसऱ्या फेरीत चालत नाही.

हा शेवटचा नियम दिसतो साधा, पण सगळा कागद त्याच्यावर हलतो. त्या वर्षी मुख्य स्पर्धेत ८७ जण उतरले. दुसऱ्या फेरीत ४५ गेले, तिसऱ्या फेरीत २३, अंतिम फेरीत १२. म्हणजे निम्म्या मुलांनी वर्षभर घासलेल्या पोलोनेझ, माझुर्का, सोनाटा, कन्चेर्टो यांतला एक सूरही त्या सभागृहात कुणी ऐकला नाही. लग्नासाठी घेतलेली पैठणी ट्रंकेतच राहावी तसं.

समजा, एका मुलीच्या हातात चौथं बॅलड फार सुंदर बसलं आहे. एफ मायनर, ऑपस ५२, अकरा मिनिटं. शोपँच्या मोठ्या रचनांमधली ही मला सगळ्यात खोल वाटते. ते पहिल्या फेरीत ठेवावं का? ठेवलं तर निदान ऐकलं जाईल. पण पहिल्या फेरीत नसा सगळ्यात ताणलेल्या असतात, आणि या बॅलडच्या शेवटच्या दोन पानांत घसरायला जागाच जागा. शिवाय ते आणखी कितीतरी जण वाजवणार. दुसऱ्या फेरीसाठी राखावं, तर पहिल्यातच नारळ मिळाला की बॅलड बॅगेत तसंच घरी. तिच्याकडे बार्कारोलही आहे, आठ-नऊ मिनिटांची, थोडी कमी खोल पण पक्की. माझ्या वहीवरून मला वाटलं ते असं की जी मुलं टिकली त्यांनी पहिल्या फेरीत बहुतेक वेळा सगळ्यात चांगली रचना आणली नव्हती, सगळ्यात खात्रीची आणली होती. अर्थात वही माझी, अनुमानही माझंच.

पहिली फेरी जरा जवळून बघू, कारण तिथे समतोल हा शब्द शब्दशः मनगटापर्यंत येतो.

ऑपस १० मधलं दुसरं एट्यूड घ्या. दीड मिनिटाचं काम. उजव्या हाताची शेवटची तीन बोटं, म्हणजे मधलं, अनामिका आणि करंगळी, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून अर्ध्या-अर्ध्या सुराने सरपटत वर जातात आणि खाली येतात. त्याच हाताचा अंगठा आणि तर्जनी दर मात्रेला छोटा स्वरमेळ टिपत असतात. करंगळी आणि अनामिका ही हातातली सगळ्यात अशक्त भावंडं. शोपँने नेमकं त्यांच्याच डोक्यावर पाण्याचा हंडा दिला आहे, आणि वाटेत सांडू नये म्हणून कोणतं बोट कुठे टाकायचं तेही जवळजवळ प्रत्येक सुरावर लिहून ठेवलं आहे. पहिल्या वीस सेकंदांत काही वाटत नाही. मग करंगळीच्या बाजूने एक ताण कोपराकडे चढायला लागतो. आवाज हलका ठेवायचा असतो, म्हणून जोर लावूनही सुटका नाही. संपलं की हात झटकावासा वाटतो, पण सतरा परीक्षक समोर बसलेले असतात.

आता याच्यानंतर काय? पुन्हा उजव्या हाताला पळवणारी रचना लावली तर पहिल्या अर्ध्या मिनिटात हात दगड होतो. इथे कागदावरचा एक बारीक डाव उपयोगी पडतो. नॉक्टर्नऐवजी जी संथ एट्यूड चालतात, त्यांत ऑपस २५ मधलं सातवं आहे. ते सुरू होतं एकट्या डाव्या हाताने, चेलोसारखं, आणि पुढेही मुख्य बोलणं डावा हातच करतो. उजव्याला श्वास मिळतो. ऐकणाऱ्याला वाटतं, काय सुंदर विरोधाभास साधला! तो विरोधाभास पुष्कळदा हाताच्या स्नायूंनी ठरवलेला असतो.

त्या वर्षी बऱ्याच जणांनी सुरुवातच नॉक्टर्नने केली. ते शहाणपण आहे. घरचा पियानो वेगळा, इथला वेगळा. २०२१ मध्ये मंचावर पाच पियानो निवडीला होते: दोन स्टाइनवे, एक यामाहा, एक कावाई, एक फाझिओली. निवड करायला साधारण पंधरा मिनिटं, तीही रिकाम्या सभागृहात. भरलेल्या सभागृहात आवाज कसा परत येतो हे कळायला पाच मिनिटं तरी संथ काहीतरी वाजवावं लागतं. नॉक्टर्न म्हणजे त्या अर्थी तंबोरा जुळवून घेणं, फक्त ते सगळ्यांसमोर आणि गुण लागू असताना.

शेवटी जिंकलेल्या ब्रूस लिऊने पहिल्या फेरीत निवडलेल्या चार रचना मी वहीत एकाखाली एक लिहिल्या होत्या: नॉक्टर्न ऑपस २७ क्रमांक १, एट्यूड ऑपस १० क्रमांक ४, एट्यूड ऑपस २५ क्रमांक ४, आणि चौथं स्केर्झो. नॉक्टर्न आणि पहिलं एट्यूड दोन्ही सी शार्प मायनरमध्ये. एक मिट्ट काळोखातलं, दुसरं वादळासारखं, पण घर एकच. दुसरं एट्यूड ए मायनरमध्ये, डाव्या हाताच्या उड्यांचं आणि तुटक सुरांचं. आणि स्केर्झो ई मेजरमध्ये. सी शार्प मायनर आणि ई मेजर या एकमेकींच्या सख्ख्या पट्ट्या, दोघींचे सूर तेच, षड्ज वेगळा. चारही स्केर्झोंमध्ये हे एकच मुळात आनंदी आहे. काळोखातून निघून त्याच सुरांच्या उजेडाच्या बाजूला येणं, असा तो अर्ध्या तासाच्या आतला प्रवास. हे त्याने असंच योजलं होतं का, मला माहीत असायचं कारण नाही. पण कागदावर ते आहे, आणि कानाला ते न सांगता कळतं.

लोक कार्यक्रमाच्या समतोलाला ताटाची उपमा देतात. डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये वरणभात. मला ती उपमा पटत नाही. ताट एकदम समोर येतं. कुठून सुरुवात करायची ते खाणारा ठरवतो. कार्यक्रम एकामागून एक येतो, आणि आधीचा घास पुढच्याची चव बदलून टाकतो. जवळची उपमा मैफलीची. बडा ख्याल, मग छोटा, मग नाट्यगीत किंवा अभंग, शेवटी भैरवी. पण गवयाच्या पाठीशी परंपरा उभी असते. भैरवी लागली की उठायची वेळ झाली हे श्रोत्याला शिकवावं लागत नाही. पियानोवाल्याकडे अशी ठरलेली भैरवी नाही. प्रत्येक फेरीचा शेवट त्याला स्वतः घडवावा लागतो.

तिसऱ्या फेरीत ही अडचण पुरती उघडी पडते. सोनाटा दोन. एक बी फ्लॅट मायनरमधला, ऑपस ३५, ज्यात ते जगप्रसिद्ध शवयात्रेचं संचलन आहे. दुसरा बी मायनरमधला, ऑपस ५८, १८४४ सालचा. पहिल्याचा शेवटचा भाग जेमतेम दीड मिनिटाचा. दोन्ही हात एकाच वळणाने, आठ सुरांच्या अंतरावर, दबक्या आवाजात पळत राहतात. धून नाही, स्वरमेळ नाही, आणि मग एकदम एक आघात आणि संपलं. टाळ्या वाजवायच्या की उठून गुपचूप घरी जायचं, कळत नाही. दुसरा सोनाटा बी मेजरच्या झगमगाटात संपतो आणि लोक आपोआप उभे राहतात. स्पर्धेचा हिशेब करणारा कुणीही म्हणेल, दुसरा घ्या. पण बी फ्लॅट मायनरचा घेऊन तो मध्ये ठेवता येतो, आणि त्या गार वाऱ्यानंतर दार उघडल्यासारखं काहीतरी लावता येतं. लिऊने तोच सोनाटा घेतला, आणि त्याच फेरीत ऑपस २ ठेवलं: मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’तल्या धुनेवरची ती सतराव्या वर्षीची विविधरूपं. शूमानने १८३१ साली याच रचनेवर लेख लिहून शोपँचं नाव जर्मन वाचकांपर्यंत पोचवलं होतं. नंतर मात्र ती कपाटात गेली. स्पर्धेत तर ती फारशी कुणी आणत नाही, कारण तिच्यात खोली नाही असा समज. शवयात्रेच्या फेरीत हा खट्याळपणा आला आणि सभागृहाचा नूर पालटला. दिवसभर तेच तेच ऐकणाऱ्या परीक्षकांनाही चेहरा असतो, आणि कॅमेरा कधीमधी त्यांच्यावर जातो.

माझुर्कांबद्दल मात्र सावकाश बोललं पाहिजे. तीन मात्रांचा नाच, पण जोर पहिल्या मात्रेवर नसतो. दुसऱ्यावर पडतो, तिसऱ्यावर पडतो, कधी सरकत जातो. मझूर, कुयाव्याक आणि ओबेरेक हे तीन लोकनृत्यांचे ठेके त्यात मिसळले आहेत, आणि किती मिसळायचे ते कुठेही लिहिलेलं नाही. ढोलकीवर लावणीचा ठेका ज्याने तमाशाच्या कनातीत ऐकला नाही त्याला तो कागदावरून शिकवून बघा, म्हणजे वॉर्सातल्या परक्या मुलांचं दुखणं कळेल. खुद्द शोपँच्या हयातीत यावरून भांडण झालं होतं. तो ऑपस ३३ मधली एक माझुर्का शिकवत असताना ऑपेराकार मायरबेअर आत आला आणि म्हणाला, ही तर दोन मात्रांत चालली आहे. शोपँ सहसा आवाज चढवायचा नाही; त्या दिवशी तो मोठ्याने मात्रा मोजत, पाय आपटत वाजवत राहिला, आणि तरीही मायरबेअर पटलं म्हणाला नाही. प्रसंग फॉन लेंझ नावाच्या शिष्याने लिहून ठेवला आहे.

पोलिश रेडिओ अगदी १९२७ पासून माझुर्कांसाठी वेगळं बक्षीस देतो. १९५५ साली ते चीनच्या फू त्साँगला मिळालं, १९६५ साली आर्जेन्टिनाच्या मार्था आर्गेरिचला. म्हणजे तो ठेका परक्याला येतच नाही असं नाही. पण कोणता संच घ्यायचा यात माणूस ओळखू येतो. ऑपस १७ मधल्या चार माझुर्का घेतल्या तर चौथी, ए मायनरमधली, शेवटी घरी परतच येत नाही. जिथून धूसर सुरुवात झाली होती त्याच अधांतरी स्वरमेळावर विरून जाते. त्याच्यापुढे सोनाटाचा पहिला आघात लगेच टाकायचा, की हात मांडीवर ठेवून दहा सेकंद गप्प बसायचं? त्या दहा सेकंदांची नोंद अर्जात कुठेही करावी लागत नाही. पण ती बसवावी लागतात, एट्यूडइतकीच.

आपल्याकडे मुंबई, पुणे, गोवा इथली जी मुलं पियानो शिकतात, त्यांना समतोल हा शब्द भेटतो तो लंडनच्या बोर्डाच्या ग्रेड परीक्षांतून. एबीआरएसएमच्या पुस्तकात याद्या तीन: अ मध्ये बोटांची चपळाई, ब मध्ये गाणं, क मध्ये बाकीचं जग. प्रत्येकीतून एक पीस उचलायचा. आठवी ग्रेड होईपर्यंत मुलाच्या डोक्यात पक्कं बसतं की समतोल म्हणजे प्रत्येक खणातलं एकेक. परीक्षेला ते ठीक आहे, कारण परीक्षकाला तुम्ही काय शिकलात हे तपासायचं असतं. मोठ्या स्पर्धेत तुम्ही कोण आहात हे तपासायचं असतं, आणि खणाखणातून गोळा केलेला कार्यक्रम तिथे पोरका वाटतो: बाखचं एक प्रेल्यूड-फ्यूग, हायडनचा एक सोनाटा, एक शोपँ, एक रॅव्हेल, शेवटी प्रोकोफिएव्हच्या सातव्या सोनाटाचा सात मात्रांचा घोडा. एकही रचना वाईट नाही. एकीचाही दुसरीशी संबंध नाही.

याला धरून एक उदाहरण सांगतो, जे वरवर पाहता समतोलाची थट्टा वाटेल. २०२२ साली टेक्ससमधल्या फोर्ट वर्थ इथल्या व्हॅन क्लायबर्न स्पर्धेत दक्षिण कोरियाचा यूंचान लिम उपान्त्य फेरीला बसला, वय १८. त्याने लिस्टची बारा ‘ट्रान्सेन्डेन्टल’ एट्यूड सलग वाजवली. तासाभराचा कार्यक्रम, एकच संगीतकार, एकच वही, आणि ती वही १८५२ साली छापली गेल्यापासून पियानोवाल्यांच्या छातीत धडकी भरवणारी. कोणत्याही क्लासमधल्या शिक्षकाने असा कागद पाहिला असता तर फाडून टाकला असता. पण त्याआधीच्या फेऱ्यांचा कागद सोबत ठेवून बघा. पहिल्या फेरीत अठराव्या शतकातल्या कूपरँची एक लहानशी रचना, मोझार्टचा एक हसरा सोनाटा, स्पर्धेसाठी स्टीफन हफने नव्याने लिहिलेली ‘फॅनफेअर टोकाटा’, आणि शोपँचं तेच कपाटातलं ऑपस २. पुढच्या फेरीत बाखचा सहा आवाजांचा रिचेरकार, स्क्रियाबिनचा दुसरा सोनाटा, बेटहोवनची ‘एरोइका’ विविधरूपं. अंतिम फेरीत बेटहोवनचा तिसरा कन्चेर्टो आणि रॅकमॅनिनॉफचा तिसरा. त्याने लिस्टला हात घातला तोपर्यंत परीक्षकांना त्याच्याकडे विनोद आहे, सहा आवाज वेगळे ठेवणारा कान आहे, हे सगळं कळून चुकलं होतं. तोल एका फेरीत नव्हता, चार फेऱ्यांत मिळून होता. आणि बारा एट्यूडच्या आतही बघा: पहिलं मिनिटभराचं, तिसरं शांत माळरानासारखं, शेवटचं बर्फाच्या वादळाचं. लिस्टनेच मैफल बांधून ठेवली आहे, फक्त ती पेलणारा पाहिजे.

इथे नव्या, सक्तीच्या रचनांचाही उल्लेख करायला हवा, पण थोडक्यात. मॉस्कोच्या पहिल्या चायकोव्हस्की स्पर्धेत, १९५८ साली, सगळ्यांना काबालेव्हस्कीचा नवा रोंदो वाजवावा लागला होता. ब्रसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेत तर अंतिम फेरीतल्या बारा जणांना आठवडाभर जगापासून तोडून एका वास्तूत ठेवतात आणि कुणीच न ऐकलेला कन्चेर्टो शिकायला देतात. निवडीचा प्रश्नच संपला. मला ही पद्धत आवडते, पण ती वेगळ्या प्रकरणाचा विषय आहे.

कन्चेर्टो निवडताना मात्र हुशार मुलंही कळपात शिरतात. सर्वसाधारण स्पर्धांच्या अंतिम फेरीत रॅकमॅनिनॉफचा तिसरा, प्रोकोफिएव्हचे दुसरा आणि तिसरा, चायकोव्हस्कीचा पहिला, यांची रांग लागते. कारणं खोटी नाहीत. ऑर्केस्ट्राला ते पाठ असतात, तालमीला वेळ थोडा मिळतो, आणि शेवटी गडगडाट झाला की सभागृह उसळतं. वॉर्सात निवड दोनच कन्चेर्टोंतून. ई मायनरचा, ऑपस ११, आणि एफ मायनरचा, ऑपस २१. क्रमांकाने दुसरा तो प्रत्यक्षात आधी लिहिलेला, छापला उशिरा. दोन्ही शोपँने एकवीस वर्षांचा व्हायच्या आत लिहिले. ई मायनरचा जास्त लांब, चाळीस मिनिटांचा, जास्त भरदार; एफ मायनरचा तीस-बत्तीस मिनिटांचा, आणि त्याचा शेवट टाळ्या खेचून घेणारा नाही असं स्पर्धक मानतात. २०१५ साली अंतिम फेरीतल्या दहापैकी नऊ जणांनी ई मायनरचा वाजवला. वॉर्सा फिलहार्मोनिकच्या वादकांनी तीन दिवसांत नऊ वेळा तीच लांबलचक प्रस्तावना वाजवली. एकट्या शार्ल रिशार-आमलँने एफ मायनरचा निवडला. त्याला दुसरं बक्षीस मिळालं.

त्या नवांमध्ये सतरा वर्षांचा एक अमेरिकन मुलगा होता, एरिक लू. चौथा आला. तीन वर्षांनी तो इंग्लंडमधल्या लीड्स स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला, आणि त्याने जो कन्चेर्टो वाजवला तो रांगेतला नव्हता. बेटहोवनचा चौथा. त्याची सुरुवात ऑर्केस्ट्रा करत नाही. पियानो एकटा, हळू आवाजात, पाच मापं बोलतो, आणि मग तंतुवाद्यं अनपेक्षित पट्टीतून उत्तर देतात. लपायला जागा नाही. पहिला स्वरमेळ जरा जड पडला की पुढचा अर्धा तास सावरण्यात जातो. स्पर्धेच्या दृष्टीने वेडेपणाच. त्याने लीड्स जिंकली.

२०२५ साली तो पुन्हा वॉर्साला आला, वय २७. नियम बदलले होते. अंतिम फेरीत कन्चेर्टोच्या जोडीला सगळ्यांना ‘पोलोनेझ-फँटसी’ वाजवायची होती. तोवर त्या फेरीचा सगळा भार विशीतल्या शोपँच्या एका रचनेवर असायचा. आता त्याच संध्याकाळी, ऑर्केस्ट्रा मागे गप्प बसलेला असताना, थकलेल्या, आजारी, काहीसं तुटक बोलणाऱ्या शोपँला आधी भेटायचं आणि तिथून कन्चेर्टोतल्या पोराकडे मागे यायचं. परीक्षकांचा अध्यक्ष होता गॅरिक ओल्सन, १९७० चा विजेता. लूने या खेपेला ई मायनरचा कन्चेर्टो सोडला आणि एफ मायनरचा घेतला. त्याच्या गुरूंपैकी एक, व्हिएतनामचा दांग थाई सॉन, १९८० साली याच कन्चेर्टोवर जिंकला होता. ब्रूस लिऊही त्याचाच शिष्य.

या कन्चेर्टोचा मधला भाग शोपँने कोन्स्तांत्सिया ग्वाद्कोव्स्का या गाणाऱ्या मुलीच्या ओढीने लिहिला, तसं त्याने मित्राला पत्रात कळवलं होतं. तिला मात्र सांगितलं नाही. तिसरा भाग माझुर्कासारखा नाचरा. त्यात एके ठिकाणी तंतुवाद्यवाले धनुकलीच्या लाकडाने तारांवर टिकटिक करतात. मग शेवटाजवळ सगळं थांबतं आणि हॉर्नवाला एकटाच एक हाक घालतो, एफ मेजरमध्ये, टपालगाडीच्या शिंगासारखी. दोनेक तास चाललेल्या चार फेऱ्यांच्या कागदावर हा एवढाच सूर असा आहे की जो स्पर्धकाच्या हातात नाही. तो हात वर धरून वाट बघतो. हॉर्न फसूही शकतं. नाही फसलं, तर उजवा हात मेजरमध्ये शिरतो आणि पुढची दोन पानं सरळ पळतात.